दाराएवढी जाळी आणि आम्ही तिघं

जाळी कितीही घासून धुतली तरी कडेला थोडा रंग राहतोच. पुढच्या घरी त्यावर दुसरा बसतो, मग तिसरा. आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला बसावं तर खालून चार निघतात, आणि चहा दोनदा करावा लागतो!

जाळी म्हणजे स्टेन्सिल. भिंतीवर वेल, मोर, झाड छापायची ती. बाजारात वीतभर मिळतात, आमची दाराएवढी असते. प्रमिला ती जाड प्लास्टिकच्या शीटवर हातानं कापते, आणि एकदा कापली की कितीतरी घरांना पुरते. तुमसरला माझ्या घराच्या मागच्या खोलीत हे काम चालतं. माणसं तीनच. कापणं प्रमिलाकडे, छापणं गजूभाऊंकडे, आणि शीट आणणं, गिऱ्हाईक सांभाळणं नि चुका करणं माझ्याकडे.

गजूभाऊ एकेकाळचे पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा, सगळं हातानं, पट्टी न लावता. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. त्यावर कडी म्हणजे त्यांना लकवा मारला. बाकी अंग सावरलं, उजवा हात मात्र थरथरत राहिला. आमच्याकडे त्यांना त्यांच्या बायकोनं पाठवलं, घरात नुसते बसून राहतात म्हणून. आल्या आल्या त्यांनी अट घातली, "स्पंजनं थोपटून देईन. पण ब्रश मले देऊ नका. पेंटर होतो, आता नाही."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. वाईट नंतर वाटलं, भांडी घासताना.

*

पहिली भिंत आमच्याच गल्लीतली. घरातली म्हातारी आजी समोर बाजेवर बसून सगळं बघत होती. भिंतीला जाळी चिकटवली, गजूभाऊंनी दोन तास स्पंजनं टपटप केलं. तोवर बघणाऱ्याला काय दिसतं? मळकं प्लास्टिक. आजीनं दोनदा जांभई दिली.

मग आम्ही टेप सोडली आणि जाळी हळूच उचलली. खाली पिंपळाचं झाड! जमिनीपासून दाराएवढं उंच, पान न् पान वेगळं.

आजी उठली. आधी तिनं पायातली चप्पल काढली, मग भिंतीजवळ गेली. "मी त इथंच बसून होती, कुठं गेली नाही! हे उगवलं कवा?"

"मले बी नाही दिसलं, आजी!" गजूभाऊ म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं भिंती रंगवलेला माणूस तोंड उघडं टाकून उभा होता. त्या दिवसापासून जाळी उचलताना आमच्यात कोणीच बोलत नाही. कोणी ठरवलं नाही, पण बोलवतच नाही.

*

प्रमिलाचं कापणं एकदा बघायला हवं. खाली काच, काचेवर शीट, हातात कटर, आणि श्वास बंद. एक पान पूर्ण होईपर्यंत ती श्वास घेत नाही. पान झालं की "हुश्श!" दिवसभर मागच्या खोलीतून हुश्श, हुश्श ऐकू येतं. शेजारणीनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तिले दमा हाये का वं?"

एकदा ती अशीच कापत होती आणि वरून तिच्या मनगटावर पाल पडली. थेट कटरच्या हातावर! मी किंचाळले. गजूभाऊ खुर्चीवर चढले. प्रमिलानं त्या पानाची गोलाई शेवटपर्यंत नेली, टोक काढलं, कटर खाली ठेवला, आणि मग अशी ओरडली की समोरचा दुकानदार धावत आला.

"आधी काहून नाही ओरडली?" मी विचारलं.

"पान अर्धं होतं ना, ताई!"

*

आता माझी करामत. जाळीत मधला भाग सुटून पडू नये म्हणून बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. आम्ही त्यांना पूल म्हणतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. प्रमिलानं मोराची नवी जाळी कापली आणि जेवायला घरी गेली. मी बघते तर ठिकठिकाणी बारीक पट्ट्या तशाच! म्हटलं, राहून गेल्या बिचारीच्या. कात्री घेतली आणि एकेक करून सगळ्या साफ केल्या. फार समाधान वाटलं.

उचलली तर पिसाऱ्याचे डोळे टपाटप खाली पडले. मोराचं पोट पडलं. हातात मोराच्या आकाराचं एक मोठं भोक राहिलं.

प्रमिला आली. तिनं पडलेले डोळे एकेक करून मोजले, ते जास्त लागलं. गजूभाऊंनी त्या भोकातून डोकं घालून माझ्याकडे पाहिलं. "मोर कुठं गेला, ताई?"

दुसऱ्या दिवशी प्रमिलानं ते पडलेले तुकडे नव्या शीटवर उलटसुलट मांडले, त्यांच्या कडेनं कापलं आणि छोट्या पाखरांची जाळी केली. आजही तीच सगळ्यात जास्त मागतात. चूक माझी आणि कौतुक तिचं, हे अगदी बरोबर झालं.

*

आंबागडला एका काकांच्या घरी झाड छापायला गेलो, रिटायर मास्तर. स्टेन्सिलचा नियम असा की स्पंज जवळजवळ कोरडा हवा. गजूभाऊ तो आधी स्वतःच्या तळहातावर दाबून बघतात. ओल लागली की पुन्हा जुन्या पेपरवर टिपायचा. काकांना ते पटेना. "पुरा डब्बा आणला म्या! रंग कायले वाचवून राहिले?"

आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात काकांनी स्वतःच स्पंज डब्यात बुडवला आणि भिंतीवर मारला. जाळी उचलली तर प्रत्येक पानातून हिरवी धार. मी ओला फडका घेऊन पुढे झाले तर काकांनी हात आडवा घातला.

"राहू द्या. झाडावर पानी पडून गेलं, असं म्हनतो मी."

आजही ते पाहुण्यांना तेच सांगतात, आणि खरं सांगायचं तर ती भिंत मला फार आवडते.

*

कोंढ्याचा किस्सा मात्र ज्याला सांगावा त्याला खोटा वाटतो. तिथं एका शेतकऱ्याच्या घरी वेलीची भिंत केली. जाळी धुऊन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुकत ठेवली आणि सुसाट वारा आला. जाळी उडाली. शोध शोध शोधली, सापडली नाही. हात हलवत तुमसरला परत आलो.

आठवड्यानं त्यांचा फोन. "ताई, जाळी सापडली. पण उचलू का नको, थे सांगा."

हा काय प्रश्न झाला? आम्ही तिघं गेलो. शेताच्या पार दुसऱ्या टोकाला उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले होते, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं होतं, त्या वाफ्यावर जाळी सपाट पडलेली. आणि तिच्या प्रत्येक भोकातून धान वर आलेलं! पानाच्या जागी हिरवं पान, देठाच्या जागी हिरवा देठ. मातीतून वेल उगवली होती, जिवंत, वाऱ्यावर हलणारी.

शेतकऱ्यानं जाळीला हात लावला नव्हता. उलट कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती काट्या रोवल्या होत्या. अख्खं गाव बघून गेलं होतं. "आता रोवणीले हे उपटून दुसरीकडं लावा लागन ना," तो म्हणाला. "हिंमतच नाही होऊन राहिली, बाप्पा!"

प्रमिला धुऱ्यावर बसली ती अर्धा तास उठलीच नाही. गजूभाऊ वाकून एकेक पान बघत होते. "इतकी बारीक थोपट मले नाही जमत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, कळलं नाही.

*

आणि नाकाडोंगरीची शीलाबाई. नर्स आहे. नवरा नाही. स्वतःच्या पगारातून दोन खोल्या बांधल्या आणि आईला कायमचं आणायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहप्रवेश. आईची खाट जिथं येणार त्या भिंतीवर तिला वेल हवी होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

दुपारपर्यंत जाळी तीनदा लावून चारातले तीन भाग छापून झाले. रंग चढला म्हणून मी जाळी धुतली आणि लवकर सुकावी म्हणून टिनाच्या छतावर टाकली. मे महिन्याच्या उन्हात! दहा मिनिटांनी बघते तर भाजलेल्या पापडासारखी वळलेली. सरळ करायला गेले तर तडकली.

दुसरी कापायला प्रमिलाला दोन दिवस लागतात. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. शीलाबाईच मला समजावत होती, "राहू द्या, ताई. तिथं कपाट लावून टाकीन." पण बोलताना तिची नजर त्या कोऱ्या तुकड्यावरून हटत नव्हती.

गजूभाऊ छापलेल्या वेलीवरून बोट फिरवत कोऱ्या तुकड्यापर्यंत आले. मग म्हणाले, "अर्धी भिंत सोडून मी कोनाच्याच घरून गेलो नाही." आणि प्रमिलाकडे हात पुढे केला. "ब्रश दे."

तिनं दिला. हात नेहमीसारखाच थरथरत होता, ब्रशचं टोक हवेत नाचत होतं. "तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघी कडुनिंबाखाली बसलो. आत काहीच आवाज नाही. शीलाबाईनं दोनदा पाणी आणलं, आम्ही प्यालो नाही.

ऊन उतरायला आलं तेव्हा दार उघडलं.

वेल या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. जाळी कुठं संपली आणि हात कुठं सुरू झाला, मला दिसेना. प्रमिलानं नाक भिंतीला लावून बघितलं. त्या वेलीत एक पान कापताना तिचा कटर घसरला होता, म्हणून प्रत्येक भागात ते पान कडेला तुटकं यायचं. चौथ्या भागातही ते पान त्याच जागी होतं, तितकंच तुटकं.

"भाऊ," ती म्हणाली, "माही चूक बी काढली तुम्ही!"

शीलाबाई चहा घेऊन आली. गजूभाऊंनी कप उचलला, तो बशीवर खडखड वाजला, आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडला.

"भाऊ, हात त अजून थरथरून राहिला!"

"हाव ना," गजूभाऊ म्हणाले, आणि तेही आमच्यासारखेच त्या हाताकडे बघत राहिले.