पाटावरचं गेज

गनमॅनच्या नोकरीत माणसापेक्षा त्याच्या बंदुकीला जास्त भाव. लायसन्सची स्वतःची रायफल असेल तर बँकेच्या दारावर उभं करतात, नाहीतर सोसायटीच्या गेटवर काठी. म्हणून तर गनमॅनची नोकरी लागलेले एक काका आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात स्टूल टाकून बसलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर व्हायचं होतं, तेही चालू रायफल घेऊन.

रायफलीच्या नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या टोकाला दोन कान असतात. गोळीचा सगळा दणका तेच झेलतात. काकांच्या रायफलीत उजवा कान टेकायचा, डावा अधांतरी. मग कानांना घासायची पेस्ट लावायची, बोल्ट मागे दाबून धरायचा आणि दांडी वर-खाली, वर-खाली. थोडं घासलं की धुवायचं, दोन्ही टेकतात का ते रंग लावून बघायचं, आणि गेज, म्हणजे मापाचा पोलादी तुकडा, आत घालून तपासायचं. ते गेज आत असताना बोल्ट बंद होता कामा नये. झाला, तर कान जास्त घासले गेले, रायफल बाद.

मनगट भरून आलेलं आणि वर काकांची टकळी. "झालं का रे? अजून किती? हळू हं!" अरे, हळूच करतोय ना! ओठांवर आलेलं गिळलं मी.

खंडेनवमीला सकाळीच मालकांनी पाट मांडला. पाने, कानशी, पक्कड, सगळं धुऊन त्यावर. माझं गेजही! हळदकुंकू, झेंडू वाहून मोकळे.

"मालक, गेज तेवढं द्या."

"हळदकुंकू लागलंय त्याला. उद्या संध्याकाळी पाट हलेल. एक दिवस थांबलास तर आभाळ कोसळेल का?"

ते घरी गेले. मी पाटाकडे बघत बसलो. देवाधर्माचा माणूस नाही मी, पण हात पुढे होईना. डावा कान अर्धा टेकलेला. अजून जरासंच हवं होतं. डोकं सणकलेलं होतं. बोल्ट काही पाटावर नाही, म्हटलं, आणि पेस्ट लावून बसलो घासत. अंदाजाने. वीस वर्षांचा हात, गेज कशाला लागतंय!

दुपारपर्यंत दोन्ही कान छान टेकले. काकांनी टाळी वाजवली.

दसऱ्याला संध्याकाळी पाट हलला. गेज पुसलं, आत घातलं, दांडी दाबली. बोल्ट गपकन बंद झाला. पुन्हा केलं. पुन्हा बंद. त्या जुन्या रायफलीला दुसरा बोल्ट मिळत नाही. नवी घ्यायची तर कागदपत्रांतच जन्म जायचा.

तेवढ्यात काका आले, नवा शर्ट घालून, हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या!"

पानं हातात धरून मी म्हणालो, "काका, बंदूक जुनी होती. आतून गंजाने खाल्लेली होती. नाही टिकली."

त्यांनी रायफल हातात घेतली, परत ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आठवडाभर खपलास. तुझा काय दोष?"

आता घोडबंदर रोडला एका टॉवरच्या गेटवर असतात ते, काठी घेऊन. तिथल्या ट्रॅफिकमध्ये माझी बाईक अडकली की त्यांची नजर पडतेच. लांबूनच हात करतात आणि शेजारच्या वॉचमनला सांगतात, "आपला माणूस आहे. माझ्या रायफलीसाठी जीव तोडला होता याने."