चार तासांवरची मिरज

सहार विमानतळाच्या दाराशी अण्णांनी माझ्या हातातून तिकीट काढून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मुंबईहून सुटायची वेळ आणि रियाधला पोचायची वेळ, यांत जेमतेम दीड तासाचं अंतर. "मिरजेहून इथवर यायला आख्खी रात्र गेली आपली. यात काहीतरी घोळ आहे," ते म्हणाले. माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, समजावलं की तिकडची घड्याळं अडीच तास मागं असतात, खरा प्रवास चार तासांचा. अण्णांना काही ते पटलं नाही. भाजीवाल्याचा तराजू उचलून बघणाऱ्या माणसाची मी मुलगी; संशय आमच्या रक्तातच आहे.

श्रीकांत रियाधला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायचा. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून मिरजेला फोनही शुक्रवारीच. तुमच्यातले जे असे लांब गेलेत, त्यांना ठाऊक असेल: फोनवर घरी सगळं छानच चाललेलं असतं. कुणी आजारी पडत नाही, गॅसचा सिलिंडरसुद्धा वेळेवर येतो. पूर्वी अण्णा दादाच्या हातातून रिसीव्हर ओढून घ्यायचे. मग एका शुक्रवारी ते अंघोळीला गेले होते. पुढच्या शुक्रवारीही अंघोळीलाच. पहाटे उठून अंघोळ उरकणारा माणूस भर दुपारी न्हाणीघरात काय करतो? तसं विचारलं, तर वहिनी एकदम गोड बोलायला लागली.

मी निघायचं ठरवलं. पण माझा पासपोर्ट श्रीकांतच्या ऑफिसात. जाऊन परत यायच्या परवानगीचा शिक्का त्यावर हवा, आणि ते काम बघणारा साहेब रजेवर. बाकीच्यांचं रोज एकच उत्तर, 'बुकरा', म्हणजे उद्या. चार तासांचं ते अंतर कापायला मला तीन आठवडे लागले.

अण्णा खाटेवर होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, वाचा गेलेली. "तुला सांगून काय झालं असतं गं? तिकडं रडत बसली असतीस," दादा म्हणाला. मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. "फक्त चांगलं तेवढंच सांगायचं असेल, तर ते पाहुण्यांना सांगा. मी पाहुणी नाही." अण्णा पडल्या पडल्या ऐकत होते.

रियाधला परतल्यावरही विश्वास बसेना. दादा म्हणायचा, सुधारतायत. मी मनात म्हणायची, काय लपवतोयस? असे कितीतरी शुक्रवार गेले. मग एके दिवशी पलीकडून कुणी बोलेचना, नुसता श्वास. आणि मग अण्णा, जड जिभेनं, एकेक शब्द ढकलत: "भात... गिचका होतो रोज. पाय ठणकतो. दादा ओरडतो माझ्यावर. झोप... अजिबात नाही."

इतक्या वाईट बातम्या त्या घरातून मला एकदम कधीच मिळाल्या नव्हत्या. मला रडताना बघून श्रीकांत घाबरला. कुणाचा फोन, काय झालं, म्हणून विचारायला लागला.

"काही नाही," मी म्हटलं, "घरी बोलतेय."