पिवळ्या पानांचा पत्ता

लडाखहून परत आल्यापासून मला फोन येतात. "मॅडम, ती पिवळी पानं नेमकी कुठं बघायला मिळतात हो?" प्रश्न साधा आहे, उत्तरही दोन ओळींत व्हायला हवं. पण मी सांगायला लागते आणि मध्येच मानेंचं काहीतरी आठवतं, त्याच्यामागून कलशेट्टींचं येतं, आणि फोन ठेवल्यावर कळतं, की पत्ता सांगायचा राहूनच गेला! तेव्हा आता एकदाच सगळं सांगून टाकते.

आम्ही चौघं सोलापूरकर. सकाळी तलावाला फेरी मारायची आणि बाकावर बसून चहा प्यायचा, एवढंच आमचं नातं. मी शाळेत भूगोल शिकवायचे. माने होटगीचे, रेल्वेत होते, जन्म रुळांवरून चालण्यात गेला. कलशेट्टी मूळचे अक्कलकोटचे, धान्याचे व्यापारी, निम्मे मराठीत आणि निम्मे कानडीत बोलणारे. आणि येमूल अण्णा. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं सूत रंगवलेला माणूस.

अण्णांचा उजवा डोळा गेलेला. डाव्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वर्षभर पुरला तर पुरला." उजेड दिसायचा, आकार दिसायचे. रंगाचं मात्र काही खरं नव्हतं. एखाद्या दिवशी दिसायचे, एखाद्या दिवशी नाही.

एकदा चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं सूत पिवळं केलं. पन झाड पिवळं झालेलं कदी बगितलं न्हाय."

"बाभळीला काय निळी फुलं येत्यात व्हय?" माने म्हणाले.

"फूल न्हवं हो. अख्खं झाड. पानासकट. एकदा बगायचंय, डोळा हाय तवर."

मी पटकन बोलून गेले, "लडाखला होतं तसं. थंड वाळवंट आहे, पण नदीकाठी पॉप्लरची झाडं असतात. ऑक्टोबरात पिवळेधमक होतात." तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं होतं. स्वतः कधी गेले नव्हते!

माने कपाळाला हात लावून म्हणाले, "पानं गळत्याली बगायला इमानानं जायचं? आमच्या बांधावर या की!"

पण सगळ्यात आधी आधार कार्डाची झेरॉक्स त्यांनीच आणून दिली.

* * *

कलशेट्टींनी दोन डबे भरून कडक भाकरी घेतल्या होत्या. विमानतळावरच्या मशीनमध्ये त्या एकावर एक रचलेल्या चकत्या दिसल्या आणि तिथला साहेब उठून उभा राहिला.

"ये क्या है?"

"भाकरी, साब. ज्वारी का."

साहेबाला पटेना. कलशेट्टींनी एक काढली आणि त्याच्या नाकासमोर मोडली. कडाक्! मागची सगळी रांग दचकली.

"इतनी कडक?"

"हौदु, हां साब! महिनाभर कुछ नहीं होता इसको!" कलशेट्टी अभिमानानं म्हणाले.

साहेबानं तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "तो फिर आप लोग खाते कब हो?"

* * *

लेहला पहिला दिवस नुसतं पडून राहायचं असतं. हवा विरळ. आमचा ड्रायव्हर स्टॅनझिन, चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं बजावून सांगितलं, "आज चलना नहीं."

हे मानेंना सांगायचं म्हणजे काय! "मी रोज रूळ तपासत चालायचो. मला नगा सांगू!" असं म्हणून ते गच्चीवर निघाले. जिना तेरा पायऱ्यांचा. चौथ्या पायरीवर थांबले. सहाव्या पायरीवर बसले. आम्ही खालून बघतोय. बराच वेळ गेला. मग त्यांनी कठड्याला डोकं टेकवलं आणि हळूच विचारलं,

"मॅडम, ह्ये टेशन कंचं?"

* * *

दुसऱ्या दिवसापासून गाडीत एक नवाच खेळ सुरू झाला. अण्णा खिडकीशी बसायचे आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, "आता काय रंग?"

तिथले डोंगर उघडेबोडके, पण एकाचा रंग दुसऱ्याला नाही. वळण घेतलं की नवा. मी म्हटलं, "तपकिरी."

अण्णांना राग आला. "तपकिरी हा शाळंतला रंग झाला. खरा सांगा!"

मग माने म्हणाले, "पाऊस न लागलेल्या कडब्याचा."

"हां! आता दिसला."

कलशेट्टी म्हणाले, "जुन्या गुळाचा. आणि त्याच्या खाली, अय्यो, वांग्याचा!"

अण्णा डोळे मिटून मान डोलवायचे. स्टॅनझिन गाडी हळू करायचा. खाली सिंधू वाहायची, आवाज न करता. मीही हळूहळू शिकले. चौथ्या वळणावर मी म्हटलं, "खडू पुसल्यावर फळा दिसतो तसा." अण्णा हसले. "मॅडम पास!"

त्या दुपारी मला वाटलं, हा रस्ता संपूच नये. खरंच वाटलं. गावी कुणी वाट बघत नाहीये आणि कुठं पोचायचंही नाहीये, असं काहीतरी.

* * *

आता माझी फजिती. मी हिशेब केला होता, की उंचावर थंडी आधी, म्हणजे पानंही आधी पिवळी होणार. म्हणून पहिल्यांदा उंचावरच्या गावात गेलो. पोचलो तर पॉप्लरच्या नुसत्या काड्या! एक पान नाही.

"परसों हवा चली थी," स्टॅनझिन म्हणाला. परवा वारा सुटला आणि सगळं गळून गेलं.

एक आजी पानं गोळा करून पोत्यात भरत होत्या. शेळ्यांना हिवाळ्यात घालायला. कलशेट्टींनी खुणेनंच विचारलं, तशी त्यांनी पोतं उघडून दाखवलं. सगळी वाळून चहाच्या चोथ्यासारखी झालेली. अण्णांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

मला रडू यायचं बाकी होतं. दोन दिवसांसाठी चुकलं होतं माझं, आणि अण्णांना पुढच्या वर्षीचा वायदा कुणी द्यायचा?

मानेंनी माझा चेहरा बघितला. म्हणाले, "भूगोलाच्या मॅडम, पेपर अवगड गेला जनू!"

शेळीवाल्या आजीसुद्धा हसल्या. त्यांना काय कळलं, देव जाणे.

* * *

त्याच संध्याकाळी कलशेट्टींनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. शांताक्का तिकडं अक्कलकोटला माहेरी गेलेल्या. कलशेट्टींनी फोन फिरवून सगळं दाखवलं. पाच मिनिटं दाखवलं.

"अल्ली एनू इल्लल्ला!" शांताक्का ओरडल्या. तिथं काहीच नाहीये की!

"हौदु. एनू इल्ल," कलशेट्टी कबूल झाले. नाहीच काही.

"मग काय बघायला गेलाव एवढ्या लांब?"

तेवढ्यात सूर्य डोंगराआड गेला. समोरची सगळी रांग आधी केशरी झाली, मग गुलाबी, मग राखेसारखी निळी. कलशेट्टी फोन धरून तसेच उभे. पलीकडून कितीतरी वेळ आवाजच नाही. त्यांना वाटलं रेंज गेली. बंद करायला बोट पुढं केलं, तर शांताक्का कुजबुजल्या,

"फोन ठेवू नका हो. तसाच धरा."

* * *

शेवटचा दिवस दसऱ्याचा. सिंधूच्या काठानं खालच्या गावात उतरलो. ही माझी शेवटची आशा होती. गाव वळणामागून दिसलं. पॉप्लरची भली मोठी राई, पानांनी गच्च भरलेली, आणि सगळी हिरवी!

"दस दिन और," स्टॅनझिन हळू आवाजात म्हणाला. दहा दिवसांनी या.

आमचं विमान उद्याचं होतं.

अण्णा गाडीतून उतरले. मान वर करून उभे राहिले. वारा होता, पानं सळसळत होती, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड हलत होता. "आलं का?" त्यांनी विचारलं. "काय रंग?"

तेवढ्यात मानेंनी एक पान तोडलं, अण्णांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या, अण्णा. सोन्यासारखं ऱ्हावा."

कलशेट्टींनी दुसरं पान ठेवलं. "सोनं घ्या!"

गावी आपट्याचं हिरवं पान दिलं तरी आपण हेच म्हणतो. मीही एक पान ठेवलं. पण अण्णांना तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"किती पिवळं हाय?"

"पिवळंधमक!" माने म्हणाले. "हळदीच्या नवरीवानी."

अण्णा राईत जाऊन बसले. तासभर बसले. हातातलं पान डोळ्याशी नेत होते, लांब धरत होते, पुन्हा जवळ आणत होते. मग मला हाक मारली. "मॅडम, ल्ह्या. हा रंग पुन्ना घावायचा न्हाय." मी येतानाच्या बोर्डिंग पासच्या मागं लिहून घेतलं: रंगाच्या दोन नंबरच्या डब्यातले तीन भाग, सात नंबरचा एक, अकरा नंबरची चिमूट. अण्णांच्या वेळचे ते कारखान्यातल्या डब्यांचे नंबर, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

सोलापूरला आल्यावर तो कागद मी अण्णांच्या भाच्याकडे नेला. त्याचा सूत रंगवायचा कारखाना आहे आणि डब्यांना नंबर अजून मामांचेच. म्हटलं, सुताची एक लड रंगवून दे. खोटं बोलल्याचं मनात सलत होतं, निदान खरा पिवळा तरी त्यांच्या हातात पडू दे.

दोन दिवसांनी त्यानं लड आणून दिली. हिरवी. त्या राईतल्या पानांसारखी, अगदी तीच, कडेला जरा पिवळसरपणाकडे झुकलेली.

"चुकलास का रे काही?" मी विचारलं.

"न्हाय हो. कागदावर हिरवाच हाय की!" तो म्हणाला. "मामांचा अंदाज अजून पक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर मी ती लड अण्णांच्या मांडीवर ठेवली. माने आणि कलशेट्टी आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. अण्णांनी लड उचलली, डोळ्याशी नेली, लांब धरली, उन्हात फिरवली.

"काय रंग आलाय?" त्यांनी विचारलं.

मी मानेंकडे बघितलं. मानेंनी घसा खाकरला.

"पिवळाधमक, अण्णा."

अण्णांनी लड नीट घडी करून खिशात ठेवली.

"मग बरोबर जमलाय!"