जहाजावर एक माणूस

आष्टीच्या कोर्टात बांधावरून भांडणाऱ्या भावकीला जहाजवाले वकील बुडत्या जहाजांचा कायदा सांगत. मूळचे जवळच्याच कडा गावचे. मुंबईत समुद्री खटले चालवणाऱ्या एका सॉलिसिटरकडे ते होते. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून चार दिवसांसाठी गावी आले आणि अडकले ते अडकलेच. मी त्यांची ज्युनिअर. समुद्र मी फक्त टीव्हीवर पाहिलेला.

चहा आला की त्यांची गाडी सुरू होई. "जुन्या कायद्यात जहाज वाचवलं तरच बक्षीस, ताई. बुडालं की सगळी मेहनत पाण्यात. आता जगाचा नवा करार आलाय. जहाज बुडालं, पण समुद्रात तेल पसरू नये म्हणून कुणी झटला, तर त्याला खर्च तरी भेटतो." हे सांगताना ते इतके खुलत की मला हसू येई आणि मागून वाईट वाटे.

"जहाजावर एक माणूस ठेवायचाच. समदे उतरले की दुसरा चढतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चुलत्यांचा त्यांच्या वावरावर डोळा होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावांनी हे वाक्य बरोबर उचललं आणि यांनाच तो एक माणूस करून टाकलं. सणाला यायचे, ज्वारीची पोती गाडीत टाकायचे, "अण्णा हाय म्हणून बरं हाय" म्हणायचे आणि निघायचे. मला त्यांचा मनापासून राग येई.

एकदा एसटीडी बूथवर मुंबईचा फोन आला. नव्या करारातली कामं येत होती, जुने साहेब बोलावत होते. वकिलांनी बॅग भरली. वडिलांपाशी राहायला येतो म्हणालेला भाऊ आलाच नाही.

मी घरी गेले तेव्हा बॅग दारातच होती. मी चिडून विचारलं, "समदे उतरले तर जहाज खरंच दुसऱ्याचं होतं का हो?"

"न्हाई. मालकी मूळ मालकाचीच ऱ्हाते."

"मग तुमी कावून थांबलात?"

त्यांनी खाटेकडे पाहिलं. "आत माणूस हाय ना, ताई. नुसता माणूस वाचवला तर त्याच्याकडून बक्षीस मागता येत न्हाई. नव्या कायद्यातबी न्हाई."

आणि ते वडिलांची कूस बदलायला उठले.

वडील पुढे बरीच वर्षं जगले. वकिलांनी त्यांना जगवलंच तसं. मुंबईचा फोन काही पुन्हा आला नाही.