सहावं बोट

ईस्टरआधीच्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर, येशूने शिष्यांचे धुतले तसे, गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्या बारांत माझं नाव आलं. गंमत म्हणजे, पाय धुवून घ्यायला आम्ही सगळेच घरून पाय घासूनपुसून आलो होतो. शेजारच्या पास्कूमामांनी तर टाचांना खोबरेल लावलं होतं. तरी चुन्याने खाल्लेली त्यांची गवंड्याची नखं लपत नव्हती. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाच्या टाचेला भेगा. ओळीतला एक पाय दुसऱ्यासारखा नव्हता.

सगळ्यांनी उजवा पाय पुढे करायचा होता. मी डावा केला. माझ्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत. शाळेपासून मी चप्पल घातलेली नाही. भर उन्हाळ्यातही बूटच.

म्हातारपणी पुन्हा आमच्याच गावी आलेले फादर माझ्यासमोर गुडघ्यांवर टेकले. हळूच म्हणाले, "हा राहू दे. उजवा दे."

"फादर, तो जरा..."

"ठाऊक आहे. तुझा बाप्तिस्मा मीच केलाय. तेव्हा तू बूट घातले नव्हतेस."

कोमट पाणी पडलं. त्यांनी एकेक बोट पुसलं, सहावंही, तितक्याच सावकाश. ज्याने मला आईच्या पोटात घडवलं, त्याच्याच घरात इतकी वर्षं मी त्याचंच काम लपवून बसत होतो.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर बूट हातात घेऊन निघालो.

"अरे, धुतलेल्या पायांना धूळ लागेल की!" पास्कूमामा ओरडले.

"लागू दे, मामा."