दर सहा महिन्यांनी दाखवून यायचं

डाव्या छातीत गाठ लागली तेव्हा मी तिशीच्या आसपास होते, पदरात दोन पोरी. अणदुरात आमचं किराणा दुकान. सासूबाई म्हणाल्या, "लेप लावू, बसंल." लावला. गाठ दुखत नव्हती, पण वाढत होती. मी मालकांना म्हटलं, "मला सोलापूरला न्या." निजामाची हद्द ओलांडायची म्हणजे नाक्यावर झडती, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, "कॅन्सर आहे. छाती काढावी लागेल."

"काढल्यावर परत येतो?"

"कुणाला येतो, कुणाला नाही. असं का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवून जायचं."

मी एकही खेप चुकवली नाही. एकदा बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलखातल्या कितीतरी जणी ऑपरेशन करून गेल्या. बऱ्या आहेत की वारल्या, मला पत्ता नाही. मग आमचा इलाज कामाचा, हे कशावरून म्हणू?"

"गावं सांगा," मी म्हणाले, "मी बघून येते."

मालकांनी गाडी जुंपली. सास्तूरची बाई वर्षापूर्वीच वारली होती. तिचा नवरा म्हणाला, "काखेत गाठी आल्या हो. परत दाखवायचं असतंय, आमच्या ध्यानातच आलं न्हाय."

तुळजापुरात एका पुजाऱ्याची बायको होती. चांगली हिंडती-फिरती. "म्या ठणठणीत हाय," ती पदर आवळून म्हणाली. "आता परत कुणाला अंग दाखवू?"

मी दार लोटलं आणि माझ्या चोळीची गाठ सोडली. ती बघतच राहिली. मग हळूच माझ्या व्रणावर बोट फिरवलं, आणि स्वतःची चोळी सोडली. तिच्या व्रणाच्या कडेला तुरीएवढं काहीतरी टणक लागलं.

"हे कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. घामाची पुळी असंल."

"न्हाय. उद्या माझ्याबरोबर चला."

रात्रभर रडली, पण सकाळी गाडीत येऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी ती गाठ काढली. म्हणाल्या, "अजून खोल गेली नव्हती. वेळेवर आणलंत." सास्तूरचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "हेही कळायला हवंच होतं. नुसत्या बऱ्या झालेल्यांकडं बघून इलाज सुधारत नाही."

माझी गाठ परत आली नाही. तुळजापूरची बाईही पुढं बरी राहिली. तिच्या लेकीच्या लग्नात तिनं मला आग्रह करकरून जेवायला वाढलं. सोलापूरला आम्ही दोघी मिळून जायचो. मग एका खेपेला ती आपल्या आळीतली, छातीत गाठ आलेली एक बाई घेऊन आली. गाडीत मला म्हणाली, "घाबरलीय लई. तुमी काय बोलू नका, म्याच हिला माझा वण दाखवते."