कोपराजवळचा चट्टा

पिठाच्या खळीचा वास आला, की मला सिंदीतली ऐंशीच्या दशकातली एक दुपार आठवते. स्पर्धा परीक्षेसाठी मी वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायची आणि खाली टाचणं काढायची. त्या दिवशीचा विषय होता कुष्ठरोग निर्मूलन. ‘अंगावर फिकट, बधिर चट्टा, वेळेवर औषध घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो,’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. माझ्या कोपराजवळ तसाच चट्टा होता. उन्हानं आला असेल म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मी साडीची पिन काढून टोचून पाहिली. काहीच कळलं नाही. पुन्हा टोचली, तर रक्ताचा थेंब आला. “काऊन टोचून राह्यली वं?” आईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वहीतलं वाचून दाखवलं. ती उठली आणि आधी दार लावून आली. “कोनाले बोलू नोको. उद्या पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले.” संध्याकाळभर मी अंगणात येरझारा घालत राहिले, पाणी भरायच्या पितळी गुंडाला हात लावायचीही भीती वाटत होती. सकाळी पाहते तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी. “चाल, वर्ध्याच्या दवाखान्यात.” “आन् पाहुणे?” “येऊ दे. चहा तुहा बाप करन.” पुढे औषधांनी मी पूर्ण बरी झाले. आज माझी मुलगी त्या वयाची आहे, आणि आई तेव्हा किती घाबरली असेल हे मला आत्ता कळतं. तरी गाडीत वर्धा येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नव्हता.